अकरा जांभळं, नग एक

एका जंगलात एक खार राहत होती, आणि ती एकदा एक नवस बोलली होती.

आता तुम्ही म्हणाल, नवस काय, सगळेच बोलतात. खरं आहे, बाळांनो. पण बोलायला जीभ लागते आणि फेडायला जीव लागतो. म्हणून तर गोष्ट होते.

खारीचं नाव मथूबाई. मोठी नेमाची. सोमवारी शेंग फोडायची नाही. गुरुवारी फांदी बदलायची नाही. चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत शेपटी टेकवायची नाही. अशा बाईच्या पोटी पिंगी जन्मली. पिंगीला शेपटी होती, पण शेपटीवर केस नव्हते. नुसती दोरी.

शेजारच्या चिमाकाकू साळुंकी बाळ बघायला आल्या. त्यांनी मान इकडे केली, मान तिकडे केली, आणि म्हणाल्या, "गोड आहे हो मुलगी. उंदराची का?"

मथूबाई तडक जाळीतल्या आईकडे गेली. जाळीतली आई म्हणजे वनदेवी. करवंदीच्या जाळीत बसलेला, शेंदूर लावलेला एवढासा दगड. मथूबाईने पुढचे दोन्ही पाय जोडले.

"आई, माझ्या पिंगीची शेपटी फुलू दे. ज्येष्ठातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, तुला अकरा जांभळं वाहीन. ताजी. त्याच दिवशी खुडलेली. तोवर शेंगदाणा माझ्या दाताला लागणार नाही."

आईने ऐकलं. महिन्याभरात शेपटी फुलली. अशी फुलली, की पिंगी समोरून येतेय की पाठमोरी जातेय, तेच कळेना. चिमाकाकू पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "एवढीही नको होती बाई."

इथवर सगळं छान झालं. पण त्याच वर्षी जंगलात कोठार झालं.

त्याचं असं झालं. आदल्या पावसाळ्यात हत्ती एका सडक्या फणसावरून घसरला. नुसता घसरला असता तर चाललं असतं. पण तो सशाच्या बिळावर घसरला. सशाची तक्रार सिंहमहाराजांपर्यंत गेली. सिंह फळं खात नाही. त्यामुळे फळांचे नियम करायला त्याच्याइतका निःपक्षपाती दुसरा कोण मिळणार?

महाराजांनी दवंडी पिटवली. "आजपासून जंगलातलं प्रत्येक फळ, भाजी आणि मध आधी कोठारात येईल. माकडं खुडतील, कोठार वाटेल. परस्पर तोडेल तो चोर. खाली पडलेलं उचलेल तोही चोर."

डोंगरातल्या मोठ्या गुहेत कोठार झालं. कोठारावर केसूअण्णा अस्वलाला नेमलं. अण्णांना लिहिता येत नव्हतं, मोजता येत नव्हतं. पण त्यांना नाक होतं. सकाळी ते गुहेतून एक फेरी मारायचे. "हे आज वाटा. हे उद्या. हे माकडांना द्या, त्यांना काही होत नाही." सगळं जंगल सुखाने खात होतं.

मथूबाईही निश्चिंत होती. अण्णांनी तिला शब्दच दिला होता. "शुक्रवारी सकाळी या, मथूबाई. दव न पुसलेली जांभळं काढून ठेवतो."

मग शहरातून घुमणराव आले.

घुमणराव कबुतर होते. मान ताठ, छाती पुढे, बोलताना दर शब्दाला मुंडी हलणार. ते थेट दरबारात उतरले.

"महाराज, मी शहरात खाण्यापिण्याच्या मालाच्या गोदामात आठ वर्षं काढलीत. बिस्किटं, सरबतं, सॉस, लोणची. सगळं माझ्या नजरेखालून गेलंय."

"कोणत्या जागी होतात?"

"सर्वांत वर."

यात खोटं काही नव्हतं. त्यांचं घरटं छताच्या पत्र्याखाली होतं.

"महाराज," घुमणराव म्हणाले, "आपलं कोठार एका नाकावर चाललंय. उद्या नाकाला सर्दी झाली तर?"

नेमके तेव्हाच अण्णा शिंकले. महाराज घाबरले. आणि अशा रीतीने जंगलात सिस्टीम आली.

सिस्टीम म्हणजे काय? एक उजळणारा पडदा आणि पिस्तुलासारखं एक यंत्र. प्रत्येक टोपलीला एक पान चिकटवायचं. पानावर काळे-पांढरे पट्टे. यंत्र पट्ट्यांसमोर धरून दाबलं की लाल उजेड पडायचा आणि 'टुंग' वाजायचं. मग पडद्यावर उमटायचं: माल कोणता, नग किती, कोणत्या तारखेपर्यंत चांगला. पाखरं, माकडं, रानडुकरं सगळी 'टुंग' ऐकायला गर्दी करायची.

नियम एकच होता. ज्याची तारीख आधी संपते, ते आधी बाहेर.

बाळांनो, नियमाला नावं ठेवू नका. चांगला नियम आहे. तुमच्या घरीही तोच आहे की! आधी कालची पोळी, मग आजची. मथूबाईच्या सासूचाही तोच नियम होता. आधी कालची शेंग. ती संपेपर्यंत आजचीही कालची व्हायची. सासूबाई शंभरीला टेकून गेल्या. एका ताज्या शेंगेची चव त्यांना ठाऊक नव्हती, पण एकही शेंग वाया गेली नव्हती.

कोठारात तेच झालं. जुनं संपेना आणि ताज्याची पाळी येईना. हरणाला मलूल पालेभाजी, पोपटाला सुरकुतलेला पेरू. आत ताज्या फळांच्या टोपल्या येत होत्या आणि शिळ्या व्हायची वाट बघत रांगेत बसत होत्या.

आणि तारखा तरी कशा? सिस्टीमने सगळ्यांना चार-चार दिवस दिले. जांभळाला चार, चिंचेला चार, मधालाही चार.

"अहो, मध कधी नासतो का?" अण्णा कळवळले.

"तारीख संपली. नष्ट करा."

अण्णांनी आज्ञा पाळली. सात मडकी मध त्यांनी एका बैठकीत नष्ट केला. डोळ्यांत पाणी होतं, पण मडक्यांत थेंब ठेवला नाही.

असं सगळं मथूबाईच्या कानावर आलं. शुक्रवार चार दिवसांवर होता. ती सोमवारीच कोठारात गेली.

"घुमणराव, मला शुक्रवारी अकरा जांभळं हवीत. ताजी. नवसाची आहेत."

"मागणी नोंदवा. कोणासाठी?"

"जाळीतल्या आईसाठी."

"पत्ता?"

"जाळी."

"माल स्वीकारून पोचपावतीवर अंगठा कोण देणार?"

"अहो, देवी आहे ती! दगडाला अंगठा कुठून आणू?"

"मग तिच्या वतीने तुमचं नाव टाकतो. मथूबाई खार. झालं."

"आणि 'ताजी' असं लिहा हं. शेरा म्हणून जागा दिसतेय की तिथे."

"शेऱ्याची जागा मोकळी ठेवण्यासाठी आहे," घुमणराव म्हणाले.

मंगळवारी जांभळं आली. अकरा होती, यात शंका नाही. पण दहा मऊ पडली होती आणि अकराव्यात अळी होती.

चिमाकाकू वाकून म्हणाल्या, "अळी मात्र ताजी आहे."

मथूबाईने जांभळं परत नेली. घुमणरावांनी ती परत जमा करून घेतली. पण परत आलेल्या मालाची तारीख सगळ्यांत जुनी. त्यामुळे बुधवारी तिला तीच जांभळं मिळाली. तिने पुन्हा परत केली. गुरुवारी पुन्हा तीच आली. आता ती जांभळं राहिली नव्हती, जांभळा रंग राहिला होता. अळी उडून गेली होती. मथूबाईने जांभळं तिसऱ्यांदा परत केली.

त्याच संध्याकाळी पिंगी रडत आली. तिच्या शेपटीचा एक झुपका गळून फांदीवर पडला होता.

चिमाकाकूंनी झुपका चोचीत धरून पाहिला. "माझी आत्या म्हणायची, नवस रखडला की देवी दिलेलं परत घेते."

"काकू, तुमची आत्या आणखी काही चांगलं म्हणायची का हो?"

"म्हणायची. पण ते आत्ता आठवत नाही."

बाळांनो, मथूबाईला एक सोपी वाट होती. ढोलीसमोरच जांभळाचं झाड होतं. गेली, तोडली, वाहिली. कोणी बघितलंही नसतं. पण ती नेमाची बाई. चोरीचं फळ आईला कसं चालेल? पिंगी म्हणाली, "आई, आपण फक्त झाडाखाली तोंड उघडून बसू या. पडलं तर पडलं." मथूबाईने तिलाही गप्प केलं.

शुक्रवार उजाडला. पिंगीची शेपटी आणखी दोन झुपक्यांनी कमी झाली होती. मथूबाई धावत कोठारात पोचली.

"अण्णा, आज खुडलेली जांभळं आलीत का?"

अण्णांनी नाक वर केलं आणि डोळे मिटले. "आत्ताच उतरवली. तिसऱ्या फळीवर. देठाला चीक आहे अजून. पण मंगळवारपर्यंत त्यांची पाळी नाही, मथूबाई."

"नुसती बघू का?"

अण्णांनी घुमणरावांकडे पाहिलं. ते लांब रताळ्यांना टुंग टुंग करत होते. "बघायला नियम नाही," अण्णा कुजबुजले. "बघा."

मथूबाई फळीवर चढली. टोपलीत डोकावली. काय ती जांभळं! काळीभोर, टपोरी, दवाने न्हालेली. तिचं मन भरून आलं. आईला वाहता येत नाहीत, तर निदान आईच्या नावाने नमस्कार तरी करू, असं तिच्या मनात आलं. ती टोपलीच्या काठावर चढली, आत उतरली आणि जांभळांवर डोकं टेकलं. पाठ वर झाली.

तुम्ही खारीची पाठ पाहिली आहे ना? पांढरा पट्टा, काळा पट्टा, पांढरा पट्टा.

तेवढ्यात घुमणराव त्या फळीपाशी आले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं नाही. टोपल्यांकडे पाहणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांनी पट्टे पाहिले आणि यंत्र दाबलं.

टुंग.

पडद्यावर अक्षरं उमटली. माल: इतर. नग: एक. तारीख: आज.

आजच का? सिस्टीमला एखादी गोष्ट कळली नाही की ती आजची तारीख टाकायची. तेवढी नम्रता तिच्यात होती.

"अहो घुमणराव!" मथूबाई दचकून उठली. "मी आहे! मथूबाई!"

घुमणरावांनी पडद्याकडे पाहिलं. "सिस्टीममध्ये तसं नाही."

"मी खार आहे हो! सोमवारपासून रोज येतेय. आपण रोज भांडतोय."

"काल होतात ग्राहक. आज माल आहात. मालाने बोलू नये, गोंधळ होतो."

अण्णा मध्ये पडले. "घुमणराव, बाईमाणूस आहे. लेक घरी वाट बघतेय. काढा की नाव पडद्यावरून."

"आत आलेला माल दोनच वाटांनी बाहेर जातो, अण्णा. एक तर मागणीवर जातो. नाही तर तारीख संपते आणि..." त्यांनी मुंडी हलवली. "दिवस मावळला की नष्ट करा."

"कोणी?"

"तुम्हीच. मध तुम्हीच केलात ना?"

अण्णा मटकन खाली बसले. "मथूबाईंना मी नष्ट करणार नाही. मध वेगळा होता. मधाने मला कधी अण्णा म्हटलं नव्हतं."

मथूबाईला वाटलं, नवस राहिला, शेंगदाणा राहिला, पिंगी राहिली, आणि आता आपणही राहत नाही! तिने डोळे मिटले. "आई, जाळीतले, तूच बघ गं."

मग आईने बघितलं की सिस्टीमने, ते मी कशाला सांगू? पडद्यावर आणखी एक ओळ आली होती. घुमणरावांनी ती वाचली.

"आज संपणारा एक नग आहे. सर्वांत जुनी, तीनदा परत आलेली एक मागणी आहे. जुळलं." ते खूश झाले. "माल रवाना करा. जाळीतल्या आईकडे."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. मथूबाईचंही राहिलं. मग तिच्या लक्षात आलं, आपण उभे कशावर आहोत.

"घुमणराव, टोपली रिकामी करायची का?"

"टोपलीत दुसरं काय आहे?"

"जांभळं."

घुमणरावांनी पडद्याकडे पाहिलं. टोपलीचं पान पालथं पडलं होतं. ते यंत्राने वाचलंच नव्हतं. "जांभळं नाहीत."

"अहो, ही काय! माझ्या पायाखाली!"

"दिसण्यावर गोदाम चालत नाही, बाई."

मथूबाई नेमाची. एकदा विचारून तिचं समाधान होईना. तिने एक जांभूळ उचलून त्यांच्या चोचीसमोर धरलं. "हे घ्या. नीट बघा. हे कोणाचं?"

"काय कोणाचं?"

तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेही आईची शपथ घालून. "खरं सांगा. ही जांभळं कोठाराची का?"

"शपथेवर सांगतो," घुमणराव छातीवर पंख ठेवून म्हणाले, "या टोपलीत तुमच्याशिवाय कोठाराचं काहीही नाही."

झालं! तीनदा विचारलं, तीनदा उत्तर मिळालं. कोठाराची नाहीत, तर चोरी कसली? मथूबाई टोपलीत व्यवस्थित मांडी घालून बसली. अण्णांनी टोपली डोक्यावर घेतली. आयुष्यात ते इतक्या जोरात कधी धावले नव्हते, मधमाश्या मागे असतानासुद्धा.

मागून घुमणराव उडत आले, कारण पोचपावती राहिली होती.

जाळीपाशी पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पिंगी तिथेच बसली होती. मथूबाईने अकरा जांभळं निवडली. एकेक पुसलं, एकेक वाहिलं. एक, दोन, तीन... दहावं वाहिलं, अकरावं वाहिलं आणि सूर्य बुडाला.

"पावती," घुमणराव म्हणाले. "माल मिळाला का?"

"मिळाला," माल म्हणाला.

"सुस्थितीत?"

मथूबाईने पाठ फिरवून एकदा झटकली. "सुस्थितीत." आणि देवीच्या वतीने, स्वतःला स्वतः स्वीकारून, तिने शेंदराचा अंगठा उमटवला. तिकडे कोठारातल्या पडद्यावर सगळं हिरवं झालं. कोठाराच्या इतिहासात एकही तक्रार न आलेली ती पहिली मागणी.

टोपलीत अजून बरीच जांभळं होती. मथूबाईने प्रसाद वाटला. हरणाने खाल्लं आणि त्याला आपलं लहानपण आठवलं. अण्णांनी अकरा खाल्ली. चिमाकाकूंनी खाल्लं आणि पहिल्यांदाच त्यांना वाईट काही सुचलं नाही.

"तुम्ही घ्या की, घुमणराव."

"नोंद नसलेलं मी खात नाही."

"नोंद नाही, म्हणजे खाल्लंत असंही कोणी म्हणू शकणार नाही."

घुमणरावांनी मुंडी हलवत विचार केला. मग त्यांनी सात खाल्ली. आठ वर्षं ते खाण्याच्या गोदामात राहिले होते, पण ताजं काही त्यांच्याही चोचीत कधी पडलं नव्हतं. सातव्या जांभळाला ते हळूच म्हणाले, "गोड असतं होय!"

आठवड्याभरात पिंगीची शेपटी पुन्हा भरून आली. पहिल्यापेक्षा दाट. चिमाकाकू म्हणाल्या, "पिल्लांचे पहिले केस गळतातच. माझ्या आत्याचं हेही म्हणणं होतं. आत्ता आठवलं." मथूबाईने एक शेंगदाणा फोडला, अर्धा काकूंना दिला आणि अर्धा आपण खाल्ला.

आणि कोठाराचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी गुहेसमोर ही रांग लागली. ससा, पोपट, मुंगूस, रानडुक्कर. सगळ्यांनी कोळशाने पाठीवर पट्टे ओढून घेतले होते. जो तो आधी स्वतःच्या नावाने मागणी नोंदवायचा, मग ताज्या फळांच्या टोपलीत उतरायचा, डोकं टेकायचा आणि टुंग होऊन घरी रवाना व्हायचा. वाघ आला, तेव्हा त्याला इतके पट्टे, की यंत्र दुपारपर्यंत वाजत राहिलं. पडद्यावर त्याचे चारशे नग झाले आणि त्याला चारशे घरी पोचवताना अण्णांच्या नाकी नऊ आले.

महिन्याअखेर सिंहमहाराजांनी पडदा पाहिला. नासलेलं फळ: शून्य. परत आलेला माल: शून्य. नाराज ग्राहक: शून्य. महाराजांनी घुमणरावांना मोरपीस दिलं. जंगलात भक्तिभाव फार वाढला आहे, असंही त्यांनी दरबारात बोलून दाखवलं, कारण ज्याला पाहावं तो कोठारात डोकं टेकत होता.

तात्पर्य: नीट चाललेल्या कोठारातून ताजं फळ हवं असेल, तर आधी आपली स्वतःची तारीख संपवून घ्यावी. प्रामाणिक माणसाने चोरी करू नये. तीनदा विचारावं. चौथ्यांदा विचारायची वेळ येत नाही.

तेव्हा बाळांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुम्हीही असा एखादा नवस बोला, आणि बोललात तर फेडा. वाट अडली तर रडू नका. बरीशी टोपली पाहून मनोभावे वाका, पाठ वर ठेवा आणि 'टुंग' वाजेपर्यंत हलू नका. पिंगीची शेपटी राहिली, तुमचीही राहील. आणि टोपलीत जे उरेल, त्यातलं एक शेजारच्या काकूंना द्यायला विसरू नका.